साथ गेल्यावर नेमकं काय उरतं? परळच्या एका फॅमिली डॉक्टरचं जरा लांब उत्तर

समाजकार्य शिकणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, की कोरोनात सगळे म्हणत होते आता जग पहिल्यासारखं राहणार नाही, मग इतक्या वर्षांनी समाज आणि आरोग्यसेवा खरंच बदलली का, आणि पुढची साथ आली तर काय वेगळं होईल?

मी आधी गोवंडीत पालिकेच्या दवाखान्यात होतो आणि आता बरीच वर्षं परळला स्वतःचा दवाखाना आहे, त्यामुळे जे पाहिलंय त्यावरून सांगतो. आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. साथीच्या काळात लोक जे ठरवतात त्यातलं जवळपास काहीच टिकत नाही. टिकतं ते कायद्यात, बांधकामात आणि पगारपत्रकावर गेलेलं, बाकी सगळं दोन-तीन वर्षांत निघून जातं. आणि कोरोनात मुंबईला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त तारलं तीच आपण पगारपत्रकावर घेतली नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

हे मी असं का म्हणतो त्यासाठी जरा मागे जावं लागेल. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पेशंट ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाला पळाले, गिरण्या ओस पडल्या. त्याच ऑक्टोबरात आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही अशी सगळीकडे भीती पसरली होती. हे आर्थर रोडचं हॉस्पिटल म्हणजे आपलं आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा, जिथे मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना पेशंट ठेवले होते. सव्वाशे वर्षांनी तोच पत्ता आणि बऱ्याच अंशी तीच भीती. लॉकडाऊनमध्ये नाशिक हायवेवरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

पण प्लेगने मागे काय ठेवलं बघा. १८९७ चा साथरोग कायदा, जो मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने बाहेर काढून लावला. १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ज्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आतल्या कोंदट वस्तीत शिरावा हाही त्यातला एक हेतू होता, आणि दादर-माटुंग्याकडे शहर वाढवलं. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत प्लेगची लस बनवली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्यातूनच आमच्या परळची हाफकिन संस्था उभी राहिली. हे सगळं टिकलं. ट्रस्टने गरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत हेही तितकंच खरं, म्हणजे टिकलेला प्रत्येक बदल सगळ्यांच्या भल्याचा होता असं अजिबात नाही.

आता १९१८ चा फ्लू घ्या. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली, मुंबईत जहाजांवरून आला आणि रेल्वेने देशभर पसरला. माणसं प्लेगपेक्षा किती तरी वेगाने मेली. आणि मागे काय उरलं? मुंबईत फिरताना त्याची एक खूण दाखवा, एखादी संस्था, एखादा रस्ता. मला तरी सापडलेली नाही. असं का झालं असेल? मला वाटतं प्लेग दरवर्षी परत परत यायचा, वीसेक वर्षं येत राहिला, आणि त्याने व्यापार अडवला, मुंबईच्या बोटी परदेशी बंदरात घ्यायला लोक तयार नव्हते, त्यामुळे सरकारला हलावंच लागलं. फ्लू काही महिन्यांत सर्वात वाईट करून निघून गेला आणि लोक कामाला लागले. म्हणजे किती माणसं मेली यावर बदल ठरत नाही, कोणाचं काय अडलं आणि किती काळ अडलं यावर ठरतो. कोरोना या दोन्हीच्या मधे कुठेतरी आहे, आणि मला भीती वाटते की आपण तो १९१८ च्या बाजूला ढकलतोय.

आता काय खरंच बदललं ते सांगतो, कारण काहीच बदललं नाही असं म्हणणं पण चूक होईल.

फोनवर तपासणं हे आता कायमचं झालंय. २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्याआधी फोनवर औषध सांगणं बसतं की नाही नियमात हेच धड कोणाला माहीत नव्हतं. आता माझा निम्मा शुगरचा फॉलोअप व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. विरारला राहायला गेलेला जुना पेशंट रिपोर्टचा फोटो टाकतो, मी डोस कमी-जास्त करतो, त्याचा लोकलचा प्रवास आणि अर्ध्या दिवसाचा खाडा वाचतो. हे चांगलंच आहे. पण यात एक गोष्ट हरवते. पेशंट दारातून आत येताना कसा चालतो, खुर्चीत बसताना दम लागतो का, पायावर सूज आहे का, बरोबर आलेली बायको मधेच काय बोलून जाते, निदान बऱ्याच वेळा तिथेच होतं. म्हणून नवीन तक्रार असेल तर मी फोनवर औषध सांगत नाही, कितीही आग्रह केला तरी.

दुसरा बदल पेशंटच्या डोक्यात झालाय. आधी लोक विचारायचे, डॉक्टर ताप किती आहे? आता येताना स्वतःच सीआरपी, डी-डायमर अशा रक्ताच्या तपासण्या करून येतात. एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्याकडे फोन आला की पहिलं वाक्य असायचं ‘एचआरसीटी स्कोअर पंचवीसपैकी बारा आलाय’. म्हणजे छातीच्या सीटीवरून फुप्फुसं किती बिघडलीत त्याचा आकडा. माणूस कसा आहे, श्वास कसा चाललाय, जेवतोय का, हे त्यानंतर. घरातला प्रत्येक जण त्या आकड्यावर रडायचा किंवा हसायचा. ती सवय गेलेली नाही. साध्या व्हायरल तापात तिसऱ्या दिवशी छातीचा सीटी काढून आलेली तरुण मुलं मी अजूनही बघतो, आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊन झालेली असते. त्याच वेळी त्याच माणसाचं बीपी कधी मोजलेलं नसतं. २०२१ मध्ये मुंबईत पालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांमध्ये ३४ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं आणि १८ टक्के लोकांची उपाशीपोटी शुगर वाढलेली निघाली. कोरोनात जी माणसं लवकर गेली त्यात हेच जास्त होते, शुगर-बीपीवाले. तेव्हा पुढच्या साथीची तयारी म्हणजे काय तर व्हेंटिलेटर आणायचे एवढंच नाही, चाळीशीच्या माणसाचा बीपीचा पट्टा वेळेवर बांधायचा हीसुद्धा तयारीच आहे. याला टीव्हीवर कोणी तयारी म्हणणार नाही पण मी म्हणतो.

मास्कचं एक सांगण्यासारखं आहे. आधी टीबीच्या पेशंटला मास्क लावायला सांगितलं की तो खिशात ठेवायचा, चाळीत कळेल, मुलीचं लग्न जमायचंय, अशी कारणं. आता मास्क लावलेला माणूस दिसला तर कोणी वळून बघत नाही. टीबीच्या कामाला ही फार मोठी मदत झालीये आणि कोणी ठरवून केलेली नाही.

पण टीबीचंच दुसरं बघा. २०१९ मध्ये देशात टीबीचे २४ लाख पेशंट नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. म्हणजे सहा लाख लोकांचा टीबी गायब झाला का? नाही, ते घरीच खोकत बसले, कारण दवाखाने बंद, लोकल बंद, टीबीचा स्टाफ कोरोनाच्या ड्युटीवर. तसंच लहान मुलांच्या लसींचं झालं, आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवर पसरून लहान लहान मुलं दगावली. मी त्या भागात काम केलंय म्हणून सांगतो, त्या मुलांची लस चुकायचं कारण आईबाप अडाणी हे नव्हतं, कारण हे होतं की लॉकडाऊनमध्ये कुटुंब गावाला गेलं, परत आलं ते दुसऱ्या गल्लीत भाड्याने, लसीचं कार्ड हरवलं, आणि नवीन गल्लीच्या रजिस्टरमध्ये बाळाचं नावच नाही. महामारीत मेलेल्यांची मोजणी करताना ही मुलं आणि हे टीबीवाले कोणी मोजत नाही.

आता येतो त्या गोष्टीवर जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला पेशंट सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं, दहा बाय दहाच्या खोल्या, सार्वजनिक संडास, तिथे सोशल डिस्टन्सिंग हा शब्दच लागू होत नव्हता. तरी साथ तिथे बऱ्यापैकी आवरली आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर कौतुक केलं. आवरली कशी? वाट बघत न बसता पेशंट शोधत फिरल्याने. पालिकेचे लोक, आरोग्य सेविका, आणि वस्तीतले खासगी डॉक्टर, ज्यांना एरवी मोठे हॉस्पिटलवाले डॉक्टर मानत नाहीत, ते सगळे घरोघरी गेले, आणि संशयित माणसाला शाळा-हॉलमध्ये नेऊन जेवणासकट ठेवलं. सगळीकडे असं आवरलं नाही हेही सांगतो, जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात तीन वॉर्डांत मिळून झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे कोरोना होऊन गेल्याची खूण, निघाल्या आणि इमारतींमध्ये १६ टक्के. एकाच वॉर्डात रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला एवढा फरक. तो फरक विषाणूने केला नाही, खोलीच्या मापाने आणि संडासाच्या रांगेने केला.

आमच्याकडेही ताप शिबिरं झाली, मी त्यात होतो. एका चाळीचं सांगतो. प्लास्टिकच्या त्या पीपीई सूटमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही मजल्यामजल्याने चढत होतो आणि पुढे आरोग्य सेविका बाई, हातात जुनं रजिस्टर. एका खोलीतली बाई म्हणाली, आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी पुढे निघालो. सेविका तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, सासूबाई कुठायत? त्या रोज या वेळी दारात बसतात. मग आतून पडद्यामागून म्हातारीला बाहेर आणलं, ऑक्सिमीटर लावला तर रीडिंगच येईना, नखांना नेलपॉलिश नव्हतं पण बोटं गार होती, चोळून गरम करून परत लावला तर ऑक्सिजन फक्त ८६ टक्के. बोलत होती व्यवस्थित, दम नाही, तक्रार नाही. तिला त्याच संध्याकाळी बेड मिळाला आणि ती घरी परत आली. त्या दिवशी माझ्या डिग्रीने काही केलं नाही, सासूबाई रोज दारात बसतात हे माहीत असण्याने केलं.

ही माहिती कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसते. चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, चांगला आहे, रिपोर्ट एका जागी राहतील, मी स्वतः पेशंटना काढायला सांगतो. पण आभा नंबर दारात येऊन विचारत नाही. आणि ज्या बाया विचारतात त्या अजून मानधनावर आहेत, पगार, पीएफ, पेन्शनसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत. २०२२ मध्ये देशातल्या आशा सेविकांना जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण कामाच्या मानाने मोबदला कुठेच नाही. एखादी अनुभवी सेविका सोडून गेली की तिच्याबरोबर शे-दोनशे घरांची माहिती जाते, आणि ती परत जमवायला नवीन बाईला तीन-चार वर्षं लागतात. साथ तेवढं थांबत नाही.

दुसरी गोष्ट जी खूप छान चालली आणि मग गुंडाळली गेली ती म्हणजे वॉर्ड वॉर रूम. चोवीस वॉर्डांत चोवीस खोल्या. पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून वॉर्डात, मग फोन, गरजेप्रमाणे माणूस घरी, आणि बेड वॉर रूमच देणार, ओळख-वशिला नाही. नेहमी चाललं असं नाही, दुसऱ्या लाटेत लोकांनी तासन् तास फोन लावलेत. पण एप्रिल २०२१ मध्ये एका रात्री सहा हॉस्पिटलांत ऑक्सिजन संपत आला तेव्हा १६८ पेशंट रातोरात हलवता आले, ते शहरात कुठे किती बेड मोकळे आहेत हे एका ठिकाणी माहीत होतं म्हणून. आज माझ्या पेशंटला रात्री अकराला हार्ट अटॅक आला तर आयसीयूचा बेड कुठे मोकळा आहे हे मला सांगणारी अशी खोली नाही, मी आणि त्याचा मुलगा दोघं दोन फोनवरून हॉस्पिटलं शोधत बसतो. कोरोनासाठी जमलं ते हार्ट अटॅकसाठी का नाही, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

तसंच दरांचं. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घेऊन दर ठरवून दिले, साधा बेड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,००० रुपये दिवसाला. पळवाटा निघाल्याच. माझ्याच एका पेशंटच्या बिलात रोजचे पीपीई किट बेडच्या भाड्यापेक्षा महाग लावले होते, आम्ही भांडून काही रक्कम कमी करून घेतली. पण दर ठरवता येतात आणि तरी हॉस्पिटलं चालतात एवढं तरी सिद्ध झालं, आणि हे लोकांनी विसरू नये असं मला फार वाटतं.

जे टिकण्यासारखं झालंय ते पालिकेचे ‘आपला दवाखाना’. २०२२ मध्ये सुरू झाले, सकाळी सात ते दुपारी दोन आणि तीन ते रात्री दहा, तपासण्या मोफत. पालिकेचे जुने दवाखाने रोजंदारीवाला कामावरून यायच्या आत बंद व्हायचे, त्यामुळे ही संध्याकाळची वेळ हाच मोठा बदल आहे. आता तिथे तोच डॉक्टर वर्षभर दिसतो का हे बघायला हवं, कारण दर दोन-तीन महिन्यांनी चेहरा बदलला तर बीपीचा पेशंट परत येत नाही. कस्तुरबात जीनोम सिक्वेन्सिंगची, म्हणजे विषाणूचा नेमका प्रकार ओळखणारी लॅब आली ऑगस्ट २०२१ मध्ये, ती मात्र कायमची कमाई.

हवेबद्दल बोलल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. कोरोना हवेतून पसरतो, टीबी हवेतून, गोवर हवेतून. आणि आपण अजून भाज्या सॅनिटाइझ केल्याच्या गोष्टी सांगतो. माझी काही जुनी कुटुंबं पुनर्वसनात गोवंडी-मानखुर्दकडच्या इमारतींत गेली. मी तिथे गेलोय. दुपारी बाराला खालच्या मजल्यावर ट्यूबलाइट लावावी लागते, खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या बिल्डिंगची भिंत जवळजवळ लागेल असं वाटतं, मधल्या गल्लीत कचरा पडतो म्हणून खिडकी बंद, वास येतो म्हणून ती कधीच उघडत नाहीत. तिथे टीबी जास्त आहे हे कोरोनाच्या आधी, २०१८ मधल्या अभ्यासात पुढे आलं होतं. प्लेगनंतर इंग्रजांना निदान वारा आत यायला हवा हे कळलं होतं, रस्ते त्यासाठी काढले. आपण कोरोनानंतर जे टॉवर बांधतोय, पुनर्विकासाचे, दोन इमारतींमधलं अंतर बघा जरा. मी माझ्या दवाखान्यात पेशंट बसायची खोली बदलली, मागच्या भिंतीत खिडकी पाडली, एक्झॉस्ट बसवला, एसी काढून टाकला. उन्हाळ्यात लोक कुरकुर करतात, पण खोकणारे दहा लोक बंद खोलीत एकत्र बसवायचे नाहीत हे मी ठरवलंय.

समाजाचं थोडं. घरकामाच्या मावशींना सोसायटीने गेटवर अडवलं आणि महिनोन् महिने पगार दिला नाही, ते नातं अजून सांधलेलं नाही, कित्येक जणींनी ती कामं सोडली आणि पॅकिंगच्या कामाला गेल्या. मुलांची दोन वर्षं गेली, चष्मे आणि वजन दोन्ही वाढलं. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं ते दुःख, आणि ते वेगळीच तक्रार घेऊन येतं. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल. विचारत गेलं की निघतं, नवरा एप्रिल २०२१ ला गेला, ॲम्ब्युलन्समध्ये बसताना शेवटचा पाहिला, तोंडही बघायला मिळालं नाही, तेरावं व्हिडिओ कॉलवर. आपल्याकडे माणूस गेला की घर भरतं, दहा दिवस शेजारी पिठलं-भात आणून देतात, त्याचा औषधापेक्षा जास्त उपयोग असतो, आणि तेच नेमकं झालं नाही. अशांना मी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर देतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पण आधी अर्धा तास त्यांचं ऐकून घेतो. घरच्यांनीही तिथी करायची राहिली असेल तर आता करावी, उशीर झाला म्हणून सोडू नये, लोकांना बोलवावं, त्या माणसाबद्दल बोलावं. मी हे डॉक्टर म्हणूनच सांगतोय.

तर पुढची साथ आली तर काय वेगळं होईल? लस आणि टेस्ट नक्कीच लवकर येतील, फोनवरचा सल्ला पहिल्या दिवसापासून चालू असेल, लोक मास्क काढतील कपाटातून. पण पेशंट शोधणारी माणसं आणि बेड सांगणारी खोली पुन्हा शून्यातून उभी करावी लागेल, पहिले दोन-तीन महिने त्यातच जातील, आणि माणसं नेमकी त्या दोन-तीन महिन्यांत जातात.

ताई, तुम्ही समाजकार्य शिकताय तर प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. तुमच्या वॉर्डातल्या एका हेल्थ पोस्टच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्राच्या, आरोग्य सेविकेबरोबर आठवडाभर फिरा, तिच्याकडे किती घरं आहेत, रजिस्टर कोण तपासतं, कोरोनात तिने काय केलं आणि त्यानंतर तिच्या मानधनात किती फरक पडला हे लिहून काढा. मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे हे प्रश्न विचारायलाही कोणी नव्हतं. लिहून झालं की ते कागद वॉर्ड ऑफिसात आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या, आणि बजेटच्या आधी द्या, म्हणजे डिसेंबरपर्यंत, कारण फेब्रुवारीत बजेट मांडलं की त्यात नवीन पदं घालणं जवळपास अशक्य असतं.